हेरातला चार रात्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताई आणि मी पश्चिम अफगाणिस्तानातल्या हेरातला जाऊन आलो, तेव्हापासून तेच ते प्रश्न येतात. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपवर. दर वेळी तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकतो. मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक, ताई बँकेतून निवृत्त. टूर कंपनीशी आमचा काही संबंध नाही.

खरं सांगा, जावं का?

हा प्रश्न सगळे शेवटी विचारतात, म्हणून मी आधी घेतो. पहिलीच परदेशवारी असेल, बरोबर लहान मुलं असतील, किंवा दोन दिवस फोन लागला नाही तर घरात कुणाचं बीपी चढणार असेल, तर नको. हेरातच्या गुजरगाह मशिदीत २ सप्टेंबर २०२२ ला नमाजाच्या वेळी स्फोट झाला. बामियानच्या बाजारात १७ मे २०२४ ला बंदूकधाऱ्यांनी पर्यटकांवर गोळीबार केला आणि त्यात तीन स्पॅनिश प्रवासी गेले. रस्त्यावर शांतता दिसते, माणसं अगत्याने वागतात, हेही खरं. पण शांतता दिसणं वेगळं आणि धोका नसणं वेगळं.

हेरातमधला भारताचा वाणिज्य दूतावास २०२० मध्ये बंद झाला. काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याची घोषणा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाली खरी, पण हेरातहून काबूल म्हणजे विमानाचा प्रवास. प्रवासविमा काढताना ‘अफगाणिस्तान धरलंय का’ हे एजंटाला तोंडी नाही, लेखी विचारा. बहुतेक पॉलिसी असे देश सरळ वगळतात. परराष्ट्र मंत्रालयाची त्या आठवड्यातली सूचना वाचा आणि ती ‘जाऊ नका’ म्हणत असेल तर माझं हे सगळं लिखाण घरबसल्या वाचायचं म्हणून वाचा.

मग तुम्ही का गेलात?

निळ्या रंगासाठी. खाली येतंय.

हेरातच का? काबूल का नाही?

माझं उत्तर एकांगी आहे. पंधराव्या शतकात तैमूरचा मुलगा शाहरुख याने हेरातहून राज्य केलं आणि पुढची शंभरेक वर्षं हे शहर कारागिरांचं माहेर होऊन बसलं. बिहजाद हा चित्रकार इथला. कवी जामी १४९२ मध्ये इथेच वारला, त्याची कबर शहरात आहे. मुघल लघुचित्रांना जे वळण लागलं त्याचा एक धागा या गावात सापडतो.

बाबर १५०६ मध्ये इथे पाहुणा म्हणून आला होता. बाबरनाम्यात त्याने स्वतःची फजिती मोकळेपणाने लिहिली आहे: मेजवानीत पुढ्यात अख्खा भाजलेला पक्षी आला आणि तो कापायचा कसा हे त्याला येईना, शेवटी यजमान मिर्झाने कापून दिला. दिल्लीचं तख्त घेणारा माणूस ताटातल्या पक्ष्यापुढे अडलेला! बिहजादबद्दलही त्याचं मत आहे. दाढीवाले चेहरे उत्तम काढतो म्हणे, पण बिनदाढीच्या चेहऱ्याची हनुवटी फार वाढवतो. मी वर्गात मुलांना हेच सांगत आलो, फक्त बिहजादला सांगायची माझी हिंमत झाली नसती.

शहराचं नाव हरी रूद या नदीशी जोडलेलं. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातलं ‘हरोयू’ आणि आपली ‘सरयू’ हा एकच शब्द, तिकडे ‘स’चा ‘ह’ झालेला, सिंधूचा हिंदू झाला तसा. विमानातून ती कोरडी, रुंद नदी दिसली तेव्हा ताई म्हणाली, “म्हणजे आपण शरयूतीरावरी उतरतोय.”

किती दिवस लागतात?

तीन पूर्ण दिवस, चार रात्री. लोक काबूल, बामियान, मजार-ए-शरीफ आणि हेरात आठवड्यात बसवतात आणि चारही ठिकाणी विमानतळच जास्त बघतात. मध्ये एक शुक्रवार येऊ द्या, पण शुक्रवारी काही बघायचं ठरवू नका. बाजार बंद, मशिदीत गर्दी. त्या दिवशी चहा प्या.

कधी जावं?

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर ते नोव्हेंबरची सुरुवात. उन्हाळ्यात इथे ‘बाद-ए-सद-ओ-बिस्त रोज’ म्हणजे एकशेवीस दिवसांचा वारा वाहतो. नावच सगळं सांगतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत धूळ, डोळ्यांत वाळू. रमजानमध्ये दिवसा खाणावळी बंद असतात, ते दिवस टाळलेले बरे.

आम्ही ऑक्टोबरअखेर गेलो, कारण तेव्हा केशर फुलतं. अफगाणिस्तानातलं बहुतेक केशर हेरात प्रांतात होतं. फूल जांभळं, आतल्या तीन लाल काड्या म्हणजे केशर. फुलं ऊन चढण्याआधी खुडावी लागतात, त्यामुळे पहाटेच शेतावर जायचं, तेही ओळखीच्या माणसाबरोबर.

घड्याळ भारताच्या एक तास मागे करा. तिथल्या सौर पंचांगातल्या महिन्यांची नावं म्हणजे चक्क राशी आहेत: हमल म्हणजे मेष, मीजान म्हणजे तूळ. आताचं तालिबान सरकार मात्र चांद्र हिजरी तारखा वापरतं, तेव्हा कागदावरची तारीख दोनदा तपासा.

व्हिसा आणि परवानग्या?

अफगाण दूतावास दिल्लीत आहे, वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. पर्यटक व्हिसा त्या महिन्यात कुठून आणि किती दिवसांत मिळतो हे आधी फोन करून विचारा, मगच तिकिटं काढा. आम्ही उलटं केलं आणि तारीख बदलण्याचे पैसे भरले.

व्हिसा मिळाला म्हणजे झालं असं नाही. तिथे पोचल्यावर माहिती व संस्कृती खात्याकडून फिरण्याचं पत्र घ्यावं लागतं आणि प्रांत बदलला की तिथल्या कार्यालयात पुन्हा. नाक्यावर बंदूकधारी पोरगा आधी ते पत्र मागतो. चार झेरॉक्स ठेवा. आणि स्थानिक वाटाड्या घ्याच. इथे पैसे वाचवू नयेत.

जायचं कसं?

दिल्लीहून काबूलला आरियाना आणि काम एअर जातात, काबूलहून हेरातला देशांतर्गत विमान. वेळापत्रक हलतं, म्हणून परतीच्या बाजूला एक दिवस मोकळा सोडा. काबूल-कंदहार-हेरात हा रस्ता सुमारे हजार किलोमीटरचा. तो नको. इस्लाम कला या इराणच्या सीमेवरून येणारी मंडळी भेटतात, पण दोन देशांची अनिश्चितता एकाच सहलीत कशाला?

पैशांचं काय? कार्ड चालतं का?

नाही. आपलं कार्ड तिथल्या यंत्रात चालेल अशा भरवशावर जाऊच नका. रोख डॉलर न्या, स्वच्छ, न दुमडलेल्या नोटा. डॉलर बदलून देणाऱ्याला तिथे ‘सराफ’ म्हणतात. आपल्याकडे सराफ म्हणजे सोनंनाणं विकणारा, पण मूळ धंदा नाणी पारखून बदलून देण्याचाच. ताईने सदतीस वर्षं कॅश काउंटर सांभाळलेला. सराफाने अफगाणी नोटांची थप्पी मोजून दिली, तिने ती पुन्हा मोजली. त्याने हसून तिसऱ्यांदा मोजली. दोघांची बोटं एकाच लयीत चालत होती, आणि मला वाटलं, हे दोघं एकाच शाखेत नोकरीला होते.

भाषा येत नाही, अडेल का?

तिथे दरी बोलतात, म्हणजे फारसीच. हिंदी थोडीफार कळणारी माणसं भेटतात, पुण्यात शिकून गेलेलेही भेटू शकतात. पण गंमत अशी की अर्धा बाजार तुम्हाला आधीच येतो: दुकान, बाजार, दरवाजा, बाग, मेवा, पिस्ता, किसमिस. जर्दाळू म्हणजे ‘जर्द आलू’, पिवळं आलुबुखार. ‘हफ्ता’ मात्र सांभाळून वापरा, तिथे त्याचा अर्थ आठवडा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच फारसी शब्दांना पर्याय म्हणून, तरी हे चिवट शब्द मराठीत ठाण मांडून बसलेच.

बायकांनी जावं का?

हे ताईला विचारून लिहितोय. परदेशी स्त्री जाऊ शकते, पण डोकं झाकलेलं, पायघोळ सैल कपडे, आणि बरोबर जवळचा पुरुष नातेवाईक असला तर नाक्यांवर कटकट कमी. डिसेंबर २०२१ च्या आदेशाने बायकांनी ७२ किलोमीटरपलीकडे ‘महरम’शिवाय, म्हणजे अशा नातेवाइकाशिवाय, जायचं नाही. भाऊ महरम धरला जातो, त्यामुळे आमचं निभलं. शहराबाहेरच्या एका बागेच्या फाटकावर तिला अडवलं, मला आत जायला हरकत नव्हती. आम्ही दोघंही बाहेर कठड्यावर बसून डाळिंब खाल्लं.

पण ताईचं खरं म्हणणं वेगळं आहे. तिला बाई म्हणून ज्या घरांत आत जाता आलं तिथे मला प्रवेश नव्हता. एका घरात सोळा वर्षांची मुलगी तिला इंग्रजीची वही दाखवत होती. सहावीनंतर मुलींच्या शाळा बंद, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठंही. वही घरीच चालू होती, अक्षर रेखीव. ताईने त्या घराचा फोटो काढला नाही आणि गल्लीचं नावही मला सांगितलं नाही. तुम्हीही असंच वागा. तुम्ही परत येता, त्यांना तिथेच राहायचं असतं.

मुसल्ला म्हणजे नेमकं काय बघायचं?

उरलेलं. मुसल्ला म्हणजे इथल्या जुन्या मशीद-मदरशांचा समूह. शाहरुखची बेगम गौहरशाद हिने १४१७ च्या सुमारास इथे मशीद आणि मदरसा बांधायला घेतला. कवामुद्दीन शिराजी हा तिचा वास्तुकार. पुढे त्याच घराण्यातल्या सुलतान हुसेन बायकरानेही शेजारी मदरसा उभारला. नखशिखांत निळ्या फरशीने मढवलेल्या या इमारती १८८५ मध्ये सुरुंग लावून पाडल्या. रशियन फौजा हेरातच्या उत्तरेला पंजदेहपर्यंत आल्या होत्या, त्यांना आडोसा मिळू नये म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी सल्ला दिला आणि अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमान याने हुकूम सोडला. रशियन आलेच नाहीत. नऊ मिनार आणि गौहरशादची समाधी वाचली, मिनारांतले काही पुढे भूकंपांत गेले. आज पाच उभे आहेत. चार बायकराच्या मदरशाचे, आणि एक गौहरशादच्या मदरशाचा, जो इतका कलला आहे की २००३ मध्ये त्याला पोलादी तारांचे ताण द्यावे लागले.

शेजारी गौहरशादची समाधी. पाकळ्यांसारख्या उभ्या कंगोऱ्यांचा घुमट, त्यावर फिरोजी रंग उरलेला. ती ऐंशीच्या आसपास असताना, १४५७ मध्ये, गादीच्या भांडणात तिला ठार केलं गेलं.

सकाळी सातला जा. ऊन तिरकं पडतं तेव्हा मिनारावरच्या उरल्यासुरल्या फरशीचा निळा दिसतो, दहानंतर सगळं मातकट होतं. पायाखाली चकाकणारी चिप दिसेल, ती पाचशे-सहाशे वर्षांची असू शकते. उचलू नका.

भूकंपानंतर काही राहिलंय का?

७ ऑक्टोबर २०२३ ला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि आठवडाभरात तेवढेच मोठे धक्के पुन्हा बसले. झिंदा जान भागातली मातीची गावं सपाट झाली, हजाराहून जास्त माणसं गेली. शहरातल्या वास्तूंना तडे गेले, पण त्या उभ्या आहेत. कुठल्या भागात प्रवेश बंद आहे हे वाटाड्याला रोज विचारा.

जुम्मा मशिदीत आपल्याला जाऊ देतात का?

नमाजाची वेळ सोडून जाऊ देतात. चपला हातात, आवाज खाली. आजची मशीद घुरी सुलतान गियासुद्दीनने इ. स. १२०० मध्ये बांधवली. तराईच्या लढाईतला मुहंमद घोरी त्याचा धाकटा भाऊ. गियासुद्दीनची कबरही इथेच आहे. दक्षिण-पूर्वेकडचं जुनं घुरी प्रवेशद्वार चुकवू नका, विटांवर उठवलेली फिरोजी कुफी, म्हणजे जुन्या कोनदार अरबी वळणाची, अक्षरं आहेत.

पण मी ज्यासाठी गेलो ते याच आवारात, एका बाजूच्या खोल्यांत आहे. मशिदीच्या फरश्या दुरुस्त करणारा कारखाना १९४० च्या दशकापासून इथे चालतो. एकरंगी फरश्या आधी भाजून घेतात. मग कारागीर कागदी नमुना फरशीवर चिकटवतो आणि हातोडीच्या धारदार टोकाने टिचक्या मारत पाकळी, वेल, अक्षराची वेलांटी कापतो. एक टिचकी चुकली की पाकळी गेली. कापलेले तुकडे चटईवर पालथे मांडतात, चकचकीत बाजू जमिनीकडे, आणि पाठीवर चुन्याचा लगदा ओततात. वाळल्यावर उलटलं की नक्षी. मांडताना कारागिराला दिसते ती फक्त तांबूस माती. रांगोळी पाठीमागून काढायला सांगितली तर आपलं काय होईल, विचार करा.

मी त्या खोलीत अडीच तास बसलो. बोलणं फार नाही. एका म्हाताऱ्या उस्तादाने माझ्या हातात हातोडी दिली, मी एक चौकोन कापायला घेतला आणि त्याचे तीन तुकडे केले. त्याने ते तुकडे बाजूला सारले नाहीत. उचलून बारीक फुलांच्या मधल्या ठिपक्यांसाठी असलेल्या डबीत टाकले. हेरातमध्ये एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर किल्ला सोडा, मिनारही सोडा, इथे बसा.

किल्ला सोडायचा?

नाही हो, बघा. बोलण्याच्या ओघात लिहून गेलो. किल्ला इख्तियारुद्दीन शहराच्या मधोमध आहे, त्याची सुरुवात सिकंदरापर्यंत नेतात. शाहरुखने तो पुन्हा बांधला. अलीकडचं मोठं काम २०११ मध्ये पुरं झालं. आत संग्रहालय आहे. वरून जुनं शहर दिसतं. दोन तास पुरे.

आणखी काय?

गाजुरगाह इथला सूफी संत ख्वाजा अब्दुल्ला अन्सारी (१००६-१०८९) यांचा दर्गा, पाइन वृक्षांच्या सावलीतला. काबूलचा अमीर दोस्त मुहंमद खान तिथेच पुरलेला. हरी रूदवरचा बावीस कमानींचा मालान पूल: दोन बहिणींनी अंड्यांची टरफलं जमवून मातीत मिसळली म्हणून तो टिकला, अशी गोष्ट सांगतात. जुन्या वाड्याच्या चुन्यात गूळ-बेलफळ असतं म्हणणाऱ्या आपल्याला ती लगेच पटते.

चिश्तींचं गाव इथलंच ना?

हो. चिश्त-ए-शरीफ हेरात प्रांतातच, शहरापासून बरंच पूर्वेला आहे. अजमेरच्या ख्वाजा मोइनुद्दीन यांची सूफी परंपरा त्या गावाच्या नावाने ओळखली जाते, आणि आपल्या खुलताबादला बुरहानुद्दीन गरीब, झैनुद्दीन शिराझी यांच्यामार्फत तीच पोचली. त्याच वाटेवर भारताने बांधून दिलेलं सलमा धरण आहे, २०१६ मध्ये सुरू झालेलं, ४२ मेगावॉटचं. चार रात्रींच्या सहलीत ही वाट बसत नाही, आणि रस्त्याची खात्री नाही. आम्ही गेलो नाही.

पानिपतचा अब्दाली हेरातचाच का?

अब्दाली टोळीच्या सरदारांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हेरात ताब्यात ठेवलं होतं, अहमदशहाचा बाप त्यांतलाच. १७३२ मध्ये नादिरशहाने शहर घेतलं. अहमदशहाची कबर मात्र कंदहारला. त्याच्याबद्दल तिथले लोक अभिमानाने बोलतात. आम्ही ऐकून घेतलं, वाद घालायला गेलो नव्हतो. ताई एवढंच म्हणाली की आमच्याकडे संक्रांत अजून त्या लढाईची आठवण करून देते. वाटाड्या गप्प झाला, मग त्याने तिच्या कपात चहा ओतला.

शाकाहारी माणसाचं कसं?

जमतं, पण विचारून. काबुली पुलावातलं मांस बाजूला काढून भागत नाही, भात मांसाच्या रश्श्यातच शिजतो. बोलानी मागा: बटाटा किंवा कांद्याची पात भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी. बोरानी बांजान म्हणजे वांग्यावर दही. ताजा नान, टरबूज, द्राक्षं, डाळिंब. ताईने तीन दिवस यावर काढले आणि मेतकूट उघडलंच नाही. चहाबरोबर साखरेचा खडा दातांत धरून वरून कोरा चहा प्यायचा. माझ्या कवळीला ते झेपलं नाही.

फोटो काढू देतात का?

इमारतींचे काढा. माणसांचे विचारून, बायकांचे अजिबात नाही. नाके, गणवेश, सरकारी कचेऱ्या यांच्याकडे कॅमेरा रोखूही नका. ड्रोन घरी. सजीवांच्या चित्रांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये आला. बिहजादच्या गावात! मी स्केचबुक नेलं होतं, त्यात फक्त कमानी आणि झाडं काढली.

संगीत ऐकायला मिळेल?

हेराती दुतार हे तंतुवाद्य प्रसिद्ध आहे. पण जुलै २०२३ मध्ये याच शहरात वाद्यांची होळी केली गेली. ऐकवायचा आग्रह कुणालाही करू नका.

काय आणावं?

निळी काच. फुटक्या बाटल्या मातीच्या भट्टीत वितळवून नळीने फुंकतात. पेल्यात बुडबुडे राहतात, कडा वाकडी असते, दोन पेले एकसारखे निघत नाहीत. घासाघीस थोडी करा, फार नको. केशर घ्यायचं तर एक काडी कोमट पाण्यात टाकून बघा: रंग सावकाश सुटला आणि काडी लालच राहिली तर ठीक.

फोन-इंटरनेट?

स्थानिक सिम मिळतं. पण सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सरकारने देशभरचं इंटरनेट जवळपास दोन दिवस बंद केलं होतं. घरी आधीच सांगून ठेवा की मेसेज आला नाही म्हणजे काही झालंच असं नाही.

लस वगैरे?

पोलिओचा डोस. विसरू नका. अफगाणिस्तानात पोलिओ अजून आहे, त्यामुळे तिथे जाणाऱ्या भारतीयांनी निघण्याच्या किमान चार आठवडे आधी तोंडावाटे डोस घेऊन प्रमाणपत्र न्यायचं असतं, ते वर्षभर चालतं. आम्ही गेलो तेव्हा रांगेत पुढेमागे सगळी कडेवरची बाळं. नर्सने ताईला जीभ बाहेर काढायला सांगितली, दोन थेंब टाकले, आणि सवयीने तिच्या डाव्या करंगळीच्या नखावर जांभळी खूण केली. हेरातच्या विमानतळावर ती अजून पुसट दिसत होती.